तडा गेलेला घरात, चांगले तेवढे बाहेर

एका गावात एक भोळा कुंभार होता. नाव येदू. मडकी घडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि सांगितलेला शब्द जसाच्या तसा पाळण्यातही नव्हता.

एकदा त्याने बाजाराला फुटकी-तडकी मडकी नेली आणि धड होती ती घरी ठेवली. तेव्हा त्याची बायको हौसा म्हणाली, "अवो, तडा गेलेलं घरात ऱ्हाऊ द्यावं. चांगलं तेवढं भाईर काढावं." येदूने ते पक्कं ध्यानात ठेवलं. गोष्ट जिथली तिथे ठेवली असती तर पुढचं काही झालं नसतं.

हौसाच्या भावाचं लग्न ठरलं. तिच्या माहेरी लग्नाला गुळाच्या पाकातले शेवेचे लाडू असतात. ते इतके कडक की पाहुणे आधी ताटावर आपटून घेतात. येदूचा त्या लाडवांवर फार जीव. निमंत्रणाबरोबर नमुन्याला एक लाडू आला. येदूने तो कचकन चावला. लाडू तसाच राहिला आणि उजवीकडचा खालचा दात ठणकायला लागला.

लग्न आठ दिवसांवर आलेलं. दात राहिला नाही तर लाडू चावायचा कशाने, आणि राहिला तर ही कळ सोसायची कशी? येदूला दुसरं काही सुचेना.

हौसा म्हणाली, "दाताखाली लवंग धरा."

दात खालचा. त्याच्या खाली जबडा. येदूने लवंग जबड्याला बाहेरून लावली आणि दिवसभर बोटाने दाबून धरली. दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. त्या दिवशीची सगळी मडकी एका अंगाला कलली.

"गुण आला का?" हौसाने विचारलं.

"आला की. हात इतका दुखतोय, दाताची आठवणच ऱ्हात न्हाई."

"अवो, भाईरून न्हाई. तोंडात घालायचं असतं."

"आता नाही चुकायचा," येदू म्हणाला.

लवंगेने भागलं नाही, म्हणून तो वैद्यबुवांकडे गेला. वैद्यबुवा म्हणाले, "खापराचा तुकडा तापव आणि शेक घे."

येदूने खापर चांगलं लाल केलं. फडक्यात गुंडाळून गालाशी नेलं आणि थबकला. बाहेरून नाही, तोंडात. त्याने फडकं सोडलं आणि खापर तोंडात घातलं. त्याची बोंब नदीपलीकडे ऐकू गेली.

वैद्यबुवांनी जिभेला तूप लावलं. "अरे शहाण्या, गरम वस्तू तोंडात घालायची तर आधी निवू द्यावी."

"आता नाही चुकायचा," येदू म्हणाला, पण जिभेमुळे ते कोणाला कळलं नाही.

"बरं, आता मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या कर."

येदूने पाणी उकळलं, मीठ टाकलं. मग ते नव्या माठात ओतून, माठाला ओलं फडकं गुंडाळून दिवसभर निववलं. पाणी बर्फासारखं गार झालं तेव्हा त्याने पहिली गुळणी केली. कळ अशी गेली की तो उभ्या जागी उडाला आणि वाळत घातलेल्या अकरा ओल्या मडक्यांवर जाऊन बसला.

वैद्यबुवांनी कपाळाला हात लावला. "गार लागून कळ आली ना? म्हणजे दाताला तडा असणार. तडा असेल तर काढावा लागेल, नसेल तर राहील. नीट पारखून घे बाबा."

हे मात्र येदूच्या हातचं काम. मडकं पारखायचं तर वाजवून बघायचं. खण् वाजलं तर धड, भद्द वाजलं तर तडा. त्याने आ वासला, मडकी थोपटायची थापी घेतली आणि हौसाला कान लावायला सांगून दातावर ठोका दिला.

"भद्द वाजलं," हौसा म्हणाली.

"म्हंजी तडा."

हौसाने थापी घेऊन त्याच्या डोक्यावर हळूच वाजवून पाहिलं. तिथेही भद्द. आता नक्की काय वाजलं होतं, ते दोघांनाही सांगता येईना.

लग्न परवावर आलं. हौसाला माहेरच्या माणसांची धास्ती होती. येदू कुठेही गेला की कारण नसताना हसत बसायचा आणि तिचे भाऊ त्यावरून तिला चिडवायचे. ती म्हणाली, "तडाच हाय त्याला. सखाहरी न्हाव्याकडं जावा, दात काढून या. आन् चारचौघांत उगी दात काढत बसू नका."

येदू गेला.

"दात काढायचा ना?" सखाहरीने विचारलं.

"छ्या. दात काढू नका म्हणून घरनं सांगितलंय."

"मग आलास कशाला?"

"दात काढायला."

सखाहरी कमी बोलणारा माणूस. गिऱ्हाईक म्हणेल तसं करायचा. एकाने 'अर्धी मिशी' म्हटलं तर त्याने अर्धीच ठेवली होती. त्याने पक्कड पुसली. "कंचा काढू?"

येदूने दातावरून जीभ फिरवली. तडा गेलेला कोणता, ते आता त्याला पक्कं माहीत होतं. तडा गेलेल्याचं काय करायचं, तेही माहीत होतं.

"हा तडा गेलेला," त्याने बोट ठेवलं. "ह्यो घरात ऱ्हाऊ दे. चांगलं तेवढं भाईर काढ."

"समदे?"

"बाजाराला नेताना चांगला माल कुणी मागं ठेवतं का?"

सकाळी बसलेला येदू तिन्हीसांजेला उठला. घरी येऊन त्याने रुमाल सोडला आणि एकतीस दात ओळीने मांडले.

"वाजवून घेतलेत," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "एकालाबी तला न्हाई."

हौसा आधी रडली. मग ओळीकडे बघून तिला हसू फुटलं, आणि हसल्याबद्दल पुन्हा रडू आलं. पण माहेरचं लग्न, जायला तर हवंच.

पंगत बसली. लाडू आले. येदूने लाडू उचलला, राहिलेल्या एकुलत्या दातावर टेकवला आणि कळेसरशी ताटावरून उडाला. सगळा मांडव हसून लोळला. नवरदेव मेहुणा डोळे पुसत म्हणाला, "दाजी, आज समदे दात काढायल्यात, आन् तुमीच कसं गप?"

येदूने हौसाकडे अभिमानाने पाहिलं.

"आमी घलूनच काधून आलोय."