मधल्या स्थानकातला बोळ

ही गोष्ट बोळाला सांगावी लागते, याचाच त्याला राग येतो. घोळ घातला थोरांनी आणि तोंड झिजवायचं यानं. पण स्थानकात एखादी नवखी वाट आली की विचारतेच. मग तो कुरकुरत सुरुवात करतो.

त्या राज्यात रस्ते पुष्कळ होते, पण ते एकमेकांना भेटत नव्हते. ओलांडलं की वाढ खुंटते, हे तिथं प्रत्येक रस्त्याला लहानपणीच शिकवलेलं. झोपलेल्या पोराला जसं कुणी ओलांडत नाही, तसं एका रस्त्यानं दुसऱ्याच्या अंगावरून जायचं नाही. म्हणून सगळे पेठेपर्यंत येत आणि थांबत. मधे चिखल. एका रस्त्यावरून उतरलेल्या माणसानं डोक्यावर बोचकं, हातात वहाणा घेऊन तो तुडवायचा, तेव्हा कुठं दुसरा रस्ता लागायचा. बरीच माणसं मग घरीच बसू लागली. त्याचा फटका आधी बोळाला बसला. त्याच्या अंगावर गवत उगवलं. आणि ज्याला गवतानं झाकलं तो मेला, असंच त्या राज्यात धरत.

हमरस्त्यानं सभा बोलावली. पेठेच्या मधोमध स्थानक बांधायचं, सगळ्यांनी तिथं यायचं, असं ठरलं. छप्पर ठरलं, दगडी बाक ठरले, घड्याळसुद्धा ठरलं. मग गाडीवाट म्हणाली, "येईन, पण मला कुणी ओलांडलेलं चालायचं नाही." घाटानंही तेच सांगितलं. शेवटी आराखडा असा झाला, की प्रत्येकानं स्थानकाच्या थोडं अलीकडे थांबावं. कुणाचा मान मोडला नाही, म्हणून सगळे खूश.

"मग माणसं आत शिरणार कशी?" बोळानं विचारलं.

हमरस्ता हसला. "तुझ्यात दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला उलटं चालावं लागतं. तू आम्हाला शिकवणार? गप बस, गटारीच्या."

सभा हसली. बोळ ते विसरला नाही.

स्थानक झालं. देखणं झालं. आत पारवे राहायला आले. भोवतीचा चिखल होता तसाच राहिला, आणि त्यात माणसांच्या वहाणा रुतत राहिल्या.

गवत छातीपर्यंत आलं, तेव्हा बोळानं कुणाला विचारलं नाही. अंग ओढत तो चिखलात उतरला आणि स्थानकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा पसरला.

"या," तो म्हणाला. "मला ओलांडा."

"अरे, खुंटशील," गाडीवाट म्हणाली.

"खुंटू दे की. असा कोणता मी ताडाएवढा होणार होतो? आणि इथं नाही खुंटलो, तर तिकडं गवतात मरायचंच आहे, बाई."

कुणी हलेना. बोळाच्या पाठीत चिखल मुरला, उन्हानं भेगा पडल्या. तो उठला नाही. अखेर नदीकडची पायवाट पुढं आली. "भावजी, पाय लागतोय हं," म्हणत तिनं आधी नमस्कार केला, मग अंग चोरून त्याच्यावरून गेली. तिच्यामागून भाजीवाल्या गेल्या. ते बघून गाडीवाट आली, घाट आला. त्यांना एकमेकांना ओलांडावंच लागलं नाही. ज्याच्या त्याच्या पायाखाली फक्त बोळ.

"हळू," तो गाडीवाटेवर खेकसला. "पाठ आहे माझी, खळं नव्हे."

हमरस्ता सगळ्यांत शेवटी आला, तोही त्याची माणसं त्याला सोडून जाऊ लागली म्हणून. बोळाकडं न बघता त्यानं आपलं टोक बोळाच्या टोकाला लावलं, आणि आराखडा पहिल्यापासून असाच होता, असं सांगत सुटला.

बोळ वाढला नाही, आहे तेवढाच आहे. परका माणूस स्थानकात उतरतो आणि विचारतो, मोठ्या रस्त्याला कसं लागायचं. हमाल हात करतात: "या बोळातून सरळ." बोळ पाठ ताठ करून पडून राहतो, आणि पावलं त्याच्या अंगावरून जात राहतात, ज्यानं अजून माफी मागितलेली नाही, त्या हमरस्त्याकडं.