मोतनचं बोचकं

फार वर्षांमागं एका बंदरात मोतन नावाची होडी होती. तिच्या कडेला एक बोचकं लटकायचं, फाटक्या जाळ्यात नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, ठासून भरलेलं. लाटेनं होडी धक्क्याच्या दगडांकडे ढकलली की ते मध्ये चेपायचं आणि मोतनच्या फळ्या शाबूत राहायच्या.

नारळी पुनवेला तिच्या मालकानं, धाकलू नाखव्यानं, मोतनला हिरवा-तांबडा रंग दिला. मोतन फुगलीच! "ए बोचक्या, सरक तिकडं! माझा रंग खराब करशील."

नाखव्यालाही ते पटलं. "सणाला तरी दिसू दे हिचं रूप," म्हणत त्यानं बोचकं सोडून धक्क्यावर टाकलं.

दर्याला नारळ दिला, ताशा वाजू लागला, आणि भरतीची लाट आली. मोतन दगडाला खर्रकन घासली. रंग गेला, फळी करकरली.

"आई गं! फळी फुटली तर उद्या सगळ्या होड्या दर्यावर जातील, अन् मी?"

नाखव्याची म्हातारी आई बुधीबाय धावली. "मेल्या, नटवलंस खरं, पण पदरच काढून घेतलास की तिचा!" तिनं बोचकं उचलून दोरीनं होडी न् धक्क्याच्या फटीत सोडलं. दुसरी लाट आली, बोचकं भस्सकन चेपलं, मोतन वाचली.

"लागलं का रे?" मोतननं हळूच विचारलं.

"मला काय लागतंय? मी जन्माचंच चेपलेलं!" बोचकं खदखदा हसलं, तशी मोतनही डुलत हसली.

पुढल्या पुनवेला नाखवा रंगाचा डबा घेऊन आला, तेव्हा मोतन म्हणाली, "नाखवा, बोचकं टेकतं तेवढी जागा कोरी ठेवा. ओल्या रंगानं त्याचं जाळं खराब होईल."