भिंतीपलीकडची रोपं

एका राज्यात हेमधर नावाचा राजा होता. राणी निवर्तली होती, केस पिकले होते आणि कारभार हाकून हाकून जीव विटला होता. आता त्याला दोनच गोष्टी गोड लागत: लेक कमळजा आणि महालामागची परसबाग. पाऊस सरला, आश्विन लागला, की राजा धोतर खोचून स्वतः रोपं लावी. वाफ्यातलं धट्टंकट्टं रोप तेवढं ठेवायचं आणि मरतुकडं भिंतीपलीकडे भिरकावायचं, ही त्या घराण्याची रीतच होती.

भिंतीपलीकडे एक चेटकीण राहत असे. टाकलेली रोपं ती वेचून जगवी आणि दरसाल चिडे. एका आश्विनात तिचा संयम सुटला. ती थेट बागेत शिरली.

"राजा, तुला निवडता येतं ना? मग आता लेक निवड."

तिने चिमूटभर राख फुंकली. झारीने पाणी घालणारी कमळजा वाफ्यातलं एक रोप झाली.

राजाने हात जोडले. "बाई, उःशाप दे."

"तीन संध्याकाळी दिल्या. वाफ्यातली रोपं तुझ्याच हातांनी उपटून बागेत लाव. लेक रुजली, तर सकाळी माणूस होऊन उठेल. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला, की मातीबाहेर राहिलेलं रोप सुकलंच."

पहिल्या संध्याकाळी राजाने वांगी आणि मिरची लावली. राजा झाला म्हणून काय, वाकलं की कंबर दुखणारच. सकाळी त्याने आशेने पाहिलं, तर वांगं वांगंच होतं आणि मिरची मिरचीच.

दुसऱ्या संध्याकाळी झेंडू आणि शेवंती लावली. एक वाकडं रोप काही केल्या निघेना. राजाने हिसडा दिला, तसं मूळ अर्धं तुटलं. त्याने तेही बाकीच्या मरतुकड्यांसारखं भिंतीपलीकडे टाकलं. असलं किडकिडीत रोप का राजाची लेक असेल? अहो, जित्याची खोड! लेक वाफ्यात हरवली होती, तरी हात आपली रीत सोडत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळीही कोणी उठलं नाही. वाफा रिकामा झाला होता. राजा दिवसभर बांधावर बसून राहिला. त्याला रडायचंही त्राण नव्हतं. ऊन कललं, तशी भिंतीवर बसलेली एक साळुंकी बोलली.

"राजा, सगळी लावलीस?"

"सगळी लावली."

"आणि पलीकडची?"

भिंतीला दार नव्हतं. म्हातारा राजा धडपडत भिंत चढला आणि पलीकडे पडला. रोपांचा ढीग तसाच होता, उन्हाने माना टाकलेला. चेटकीण उंबऱ्यात बसली होती.

"या वेळी मी वेचली नाहीत," ती म्हणाली.

राजाने तिथेच माती उकरली. कोणतं रोप आपलं, हे पाहायला वेळ नव्हता आणि डोळ्यांत पाणी असल्यामुळे दिसतही नव्हतं. तो एकेक रोप उचली, आळ्यात ठेवी, माती दाबी, ओंजळभर पाणी घाली. हातांना फोड आले. पाठ सरळ होईना, मग तो गुडघ्यांवर सरकत राहिला. शेवटचं वाकडं रोप मातीत गेलं आणि सूर्य बुडाला. राजा तिथेच चिखलात आडवा झाला.

सकाळी कपाळावर कोणाचा तरी गार हात टेकला.

"आबा, उठा. ऊन आलं."

कमळजा होती. केसांत माती होती आणि एक पाय अधू झाला होता. राजाने त्या पायाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आबा, तुम्ही मला ओळखलंत ना?"

राजाला खोटं बोलवेना.

"नाही गं पोरी. मी सगळीच लावली."

कमळजाने त्याचे फोड आलेले हात आपल्या हातांत धरले आणि त्याला उठवलं. चेटकिणीने आपली उरलेली राख वाऱ्यावर सोडून दिली.

राजाने भिंत फोडून तिथे दार केलं. पुढे कमळजा लंगडतच सिंहासनावर चढली आणि राज्य सुखाने नांदलं. त्या राज्यात आजही आश्विनात रोपं लावताना मरतुकडं रोप सगळ्यांत आधी लावतात, हात थकलेले नसतात तेव्हाच.