गुरांच्या डोणीतलं जेवण

ही गोष्ट फार जुन्या काळची आहे, राजाचे हुकूम दवंडीने गावोगाव पोचत तेव्हाची. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच.

घाटाखालच्या एका गावात तो इतर दिवसांसारखाच एक दिवस होता. पाटलीणबाई अंगणात ताक घुसळत होत्या. तेवढ्यात दवंडी पिटली गेली. शहरात कुणा व्यापाऱ्याने नासलेलं अन्न गरिबांना वाटलं होतं आणि माणसं दगावली होती. म्हणून राजाचा हुकूम निघाला, की दान केलेलं अन्न कुणाला बाधलं तर देणाऱ्याला शिक्षा होईल. दवंडीवाला पुढेही काही सांगत होता. पण शिक्षेचं नाव निघताच सारं गाव बोलू लागलं आणि पुढचं त्या गलक्यात कुणी ऐकलं नाही.

गावाच्या वेशीवर धर्मशाळा होती. तिथल्या थकल्याभागल्या, निराधार माणसांना पाटलांच्या घरून रोज जेवण जाई. पाटलीणबाई स्वतः पानं मांडून वाढत. आता पाटील म्हणाले, हे बंद कर, उद्या कुणाचं पोट दुखलं तर बेड्या मला पडतील.

पाटलीणबाई हुशार होत्या. हुकूम माणसांना वाढण्याबद्दल आहे, गुरांना घालण्याबद्दल नाही, हे त्यांनी नवऱ्याच्या लक्षात आणून दिलं. धर्मशाळेसमोर गुरांना चारा-पाणी घालायची दगडी डोण होती. त्या दिवसापासून जेवण तिच्यात ओतलं जाऊ लागलं. ज्याला भूक असेल तो उचलून घेईल. आपण मात्र गुरांना घातलं.

युक्ती साऱ्या गावाने उचलली. "पाटलीणबाई, आमची म्हैस हल्ली पुरणपोळीशिवाय ऐकत नाही हो," असं बायका पाणवठ्यावर म्हणत आणि हसत. पाटलीणबाईही हसत.

हळूहळू डोणीत आमटीवरच खीर पडू लागली. मग कालचा भात पडू लागला, मग परवाचा. गुरांना घालायचं, तर चाखून कोण बघणार? माणसं वाकून, हाताने चाचपून खात.

धर्मशाळेतली एक म्हातारी सुईण मात्र डोणीजवळ गेली नाही. पाटलीणबाईंची मुलं तिच्याच हातांवर जन्मली होती. वाटसरूंनी शिदोरीतलं काही दिलं तर ती खाई, नाहीतर पाणी पिऊन निजे. ती खंगत चालली. एकदा पाटलीणबाई तिला म्हणाल्या, "आजी, घ्या की त्यातलं. सगळे घेतात."

"मूठभरच द्या बाई, पण माझ्या हातावर द्या," म्हातारी म्हणाली. "तुमची लेकरं या हातांनी उचलली. ते हात डोणीत घालवत नाहीत."

पाटलीणबाईंनी काही दिलं नाही. हुकूम आहे, एवढंच म्हणाल्या आणि घरी आल्या. त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बैलगाडीने शहरात गेल्या आणि एका म्हातारीपुरती परवानगी द्या, असं त्यांनी न्यायाधीशांना विनवलं.

न्यायाधीशांना नवल वाटलं. "परवानगी कशाला? जे स्वतःच्या ताटात वाढून घ्याल, तेच दुसऱ्याला वाढलंत तर तुमच्यावर दोष नाही. हुकुमातच तसं आहे. नासलेलं आहे हे माहीत असून जो देईल, शिक्षा त्याला. दवंडी पुरती ऐकली नाहीत का?" मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस तुमच्या गावाने गरिबांना दिलं तरी काय?"

पाटलीणबाईंची मान खाली गेली. डोणीचं नाव त्यांच्या तोंडून निघेना.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "देणं बंद केलं होतं."

खरं सांगण्यापेक्षा हे खोटं त्यांना कमी लाजिरवाणं वाटलं.

परत आल्या त्या तशाच चुलीपाशी गेल्या. मऊ भात केला, तूप घातलं, आधी स्वतः घास घेतला आणि पातेलं घेऊन धर्मशाळेत पोचल्या. सुईणीची जागा रिकामी होती. ती सकाळीच काठी टेकत घाटाच्या वाटेने गेली, असं कुणीतरी सांगितलं. पाटलांनी माणसं धाडली, पण ती सापडली नाही.

बाकीच्यांना पाटलीणबाईंनी पानावर वाढलं. कुणी त्यांना बोल लावला नाही. एक म्हातारा मात्र पान समोर येऊनही हात लावेना. हे माणसांसाठीच आहे ना, असं त्याने विचारलं. पाटलीणबाईंनी त्याच पातेल्यातला एक घास त्याच्यासमोर खाल्ला.

पुढे त्या गावात पहिला घास वाढणाऱ्याने खाण्याची रीत पडली, ती कुणी मोडली नाही.

बोध इतकाच, की देताना स्वतःला वाचवायचा विचार आधी आला, तर घेणारा माणूस आहे याचाच विसर पडतो.

त्या म्हातारीच्या हातावर मूठभर भात ठेवायचा राहिला, तो राहिलाच.