भागरतेचं बिनपंखी चिलट

फार फार वर्षांपूर्वी, पाळटोल्याच्या तलावाच्या पाळीवर आज ज्या चिंचा आभाळाला टेकल्यात, त्या माणसाच्या कमरेएवढ्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

तिथल्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत भागरता नावाची बाई राहायची. तिला दोन कामं यायची. फाटलेली जाळी सांधायची आणि अडलेल्या बायांची सुटका करायची. वस्तीतली पोरं तिच्याच हातावर जन्मलेली आणि वस्तीतली जाळी तिच्याच बोटांनी सांधलेली. कोळीकिड्याच्या धाग्यालाही ती गाठ मारायची, असं म्हणतात. पाहिलेलं कुणी नाही. पण म्हणणारे खोटं कशाला म्हणतील?

आता पाळटोल्याची रीत ऐका. हंगामाचा पहिला मासा पाळीवरच्या मायचा, म्हणजे तलावाच्या देवीचा, आणि तो गळानंच धरायचा. जाळं म्हणजे माणसाचं पोट, ते मायच्या आधी पाण्यात उतरवायचं नाही. एरवी यात अवघड काहीच नव्हतं. वस्तीचा म्होरक्या गळाला गांडूळ लावून बसायचा, त्याची चिलीम विझायच्या आत मासा लागायचा, तो मायपुढे ठेवला की जाळी पाण्यात. त्यामुळे या रीतीचा कुणी कधी फारसा विचारच केला नव्हता.

पण एका वर्षी पावसानं पाठ फिरवली. तलाव आटत आटत मधल्या डोहापुरता उरला. उघड्या पडलेल्या चिखलातून आणि कोमट पाण्यातून चिलटं उठली. किती? दिवसाढवळ्या सूर्य झाकला गेला आणि कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या, असं म्हणतात. मासे डोहात खच्चून भरलेले, पाण्यावर सारखी त्यांची तोंडं उघडझाप करत होती, पण गळाला एकही शिवेना. तेव्हाचा म्होरक्या झिबल. त्यानं गांडूळ लावून पाहिलं, कणीक लावून पाहिली, बेडकी लावून पाहिली, शेवटी घरातला गुळाचा खडाही लावला. मासे बाजूनं निघून जायचे. माय कोपली, असं लोक कुजबुजू लागले. जाळी दांड्यांवर वाळत राहिली आणि घरोघरी चुली थंड पडल्या.

भागरतेच्या घरात तर सून पोटुशी. कौतिका तिचं नाव. दिवस भरत आलेले आणि पोटात अंबाडीच्या भाजीच्या पाण्याशिवाय काही नाही. भागरता तिच्या पोटावर हात ठेवायची, तेव्हा आतलं बाळ हल्ली कमी हलतं हे तिच्या हाताला कळायचं. ती कुणाला बोलली नाही, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

एक दिवस तिचा मुलगा आडकू म्हणाला, "माय, पुनवेपरेंत मी वाट पाह्यतो. मासा नाही लागला तं रीत गेली खड्ड्यात, मी जाळं टाकतो. नाही टाकू देल्लं तं हिले घेऊन मुलूख सोडतो."

"अरे, चालन का ती येवढी? वाटंतच राह्यली तं?"

 आडकू दांडीवरचं जाळं झटकू लागला.

भागरता पाळीवर जाऊन बसली. नुसती बसून राहिली. आणि पाहता पाहता तिच्या ध्यानात आलं, की मासे उपाशी नाहीतच. ते चिलटं खात आहेत. पोटभर चिलटं मिळत असताना झिबलच्या गुळाला कोण विचारतो?

मग तिनं सुई तापवून वाकवली, इवलासा गळ केला. त्यावर कोशाच्या रेशमानं चिलट बांधलं. पाणकोंबडीच्या पिसाचे पंख, लव्हाळ्याच्या तुसांचे पाय, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढं डोकं. हुबेहूब! साऱ्या वस्तीनं ते पाहिलं. झिबल म्हणाला, "भागरता, फुकलं तं उडन वं हे!" भागरता फुलून गेली. फुलणारच. असं काम कुणी केलं होतं?

तिनं ते पाण्यावर सोडलं. मासा वर आला, त्यानं पाहिलं आणि तो खाली गेला. दुसरा आला, तोही गेला. सांजेपर्यंत मासे येऊन पाहून जात राहिले, जत्रेत आल्यासारखे. लोक हसले नाहीत, एवढं मात्र खरं. हसायला अंगात जोर हवा ना. भागरता घरी आली आणि सुनेकडे पाठ करून रडली.

पुनवेच्या आदल्या सकाळी ती डोहात उतरली. हनुवटीपर्यंत पाण्यात, डोळे पाण्याच्या रेषेत, आणि मग श्वास धरून खाली. तिथं तिला दिसलं, जे काठावरून कुणालाच दिसत नव्हतं. चिखलातून बारीक काळे जीव वर येत होते. वाकडे, मुडपलेले, अंगाला वळ्या आणि डोक्याशी पांढरा झुपका. पंख नाहीत, पाय नाहीत. वर येऊन ते पाण्याच्या पापुद्र्याला टेकायचे आणि तिथंच अडायचे. मग कातडं फाटायचं, आतून चिलट निघायचं आणि उडून जायचं. उडालेल्याच्या मागे मासा लागतच नव्हता. तो टिपायचा अडलेल्याला.

भागरता पाण्याबाहेर आली ती हसतच. "अवं बाई! हे तं बाळंतपण हाय!"

आयुष्यभर जे पाहिलं तेच, आणि तिनं बांधलं होतं जन्म होऊन गेल्यानंतरचं चिलट.

या वेळी तिनं कोशाचा धागा चुलीच्या काजळीत काळा केला आणि वाकड्या सुईवर वळ्या पाडत गुंडाळला. पांढऱ्या झुपक्यासाठी काहीच पुरेसं पांढरं मिळेना. तेव्हा तिनं आपल्या डोक्यातला पिकला केस उपटला, त्याचे तुकडे करून डोक्याशी बांधले. झिबलनं ते तळहातावर घेतलं. नखातल्या मळासारखं दिसत होतं.

"काहून वं, पंख राह्यले ना!"

"पंख नोको लावू भाऊ. पंख त्याचे त्याले फुटतात."

पुनवेची सकाळ झाली. सारी वस्ती पाळीवर आली. आडकू जाळं खांद्यावर घेऊन पाण्याशी उभा, आणि त्याचा हात धरायला झिबल शेजारी. भागरतेनं गळ सोडला आणि ती तो हळूहळू वर घेऊ लागली, अगदी अडलेलं बाळ घेतात तसा, ओढायचं नाही, नुसतं येऊ द्यायचं. आणि पापुद्र्याशी आल्यावर तिनं हात थांबवला.  कौतिका चिंचेला धरून उभी होती.

पाणी नुसतं डुचमळलं आणि दोरी ताणली गेली.

केवढा रोहू होता? झिबलच्या घरचे सांगतात हातभर, आडकूच्या घरचे सांगतात वासराएवढा. डोह ढवळून निघाला, दोरीनं भागरतेचा तळवा चिरला, पण तिची गाठ सुटली नाही. आडकूनं खांद्यावरचं जाळं फेकून दिलं आणि आईच्या कमरेला मिठी मारली. दोघांनी मिळून मासा काठाला आणला. मायपुढे ठेवला तेव्हा झिबलसारखा करडा माणूस धाय मोकलून रडला, आणि साऱ्या पाळीचा जीव भांड्यात पडला.

मग भागरतेनं माशाच्या ओठातून गळ काढला. ते काळं मुडपलेलं चिलट तिच्या रक्ताळल्या तळहातावर पडलं होतं. उन्हाची तिरीप आली. कोशाचा धागा पाठीवर उसवला, आतून ओले पंख बाहेर आले, ते क्षणभर वाळले आणि चिलट उडून गेलं. सुई तेवढी हातात राहिली. असं म्हणतात, आणि हे म्हणताना पाळटोल्याचे लोक अजून स्वतःचा तळहात उघडून दाखवतात.

त्या दिवशी जाळी पाण्यात पडली आणि घरोघरी धूर निघाला. मायपुढच्या माशाचा पहिला घास झिबलनं स्वतः कौतिकेला भरवला. संध्याकाळी भागरतेनं सुनेच्या पोटावर हात ठेवला, तर आतून अशी लाथ बसली की म्हातारी "अवं माय वं!" म्हणून हसत सुटली. पुढं मुलगी झाली, धडधाकट, सारी वस्ती जागी करणारी.

भागरता गेली त्याला किती पिढ्या झाल्या, कोण जाणे. पण पाळटोल्यात दिव्याभोवतीचं चिलट आजही कुणी मारत नाही. हंगामाआधी एक चिलट बांधलं जातं, कोशाचं, काजळीचं, आणि डोक्याशी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईचा पांढरा केस. त्या मानासाठी म्हाताऱ्या वय वाढवून सांगतात आणि कडाकडा भांडतात. त्याला लागलेल्या माशाचा पहिला घास गावातल्या गरोदर बाईचा, मग ती कुणाच्याही घरची असो. कुणी गरोदर नसलंच, तर तो घास पाण्यात सोडतात.

आणि बांधणारी नवी असली, हात शिवशिवून पंखांसाठी पीस उचलू लागली, की ज्या म्हातारीनं केस दिलेला असतो ती तिचा हात धरते आणि सारी पाळ एका आवाजात म्हणते, "नोको लावू वं. पंख त्याचे त्याले फुटतात." तेव्हा पाळीवर कुठंतरी चिंचेला धरून एखादी पोटुशी बाई उभी असली, की तिचा हात आपोआप पोटावर जातो.