कुलपातले कॉम्प्युटर

एका गावात एक शाळा होती आणि तिचे हेडमास्तर दिगंबरराव मोठे शिस्तीचे होते. शाळेला कॉम्प्युटर मिळाले तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी एक खोली रंगवून घेतली, कॉम्प्युटरवर कापडी झाकणं घातली आणि दाराला भलंमोठं कुलूप ठोकलं. खोली उघडायची ती दसऱ्याला. मुलं चपला काढून रांगेने आत यायची आणि फुलं वाहून निघून जायची.

"लांबूनच नमस्कार करा. हात लावाल तर बिघडेल," मास्तर दारातून बजावायचे.

गणिताच्या कुंदाबाई एकदा म्हणाल्या, "सर, आलेख मुलांना कॉम्प्युटरवर काढू दिले तर चटकन समजतील. भूगोलाच्या तासाला नकाशेही बघता येतील."

"गणित फळ्यावर शिकवा, बाई. कॉम्प्युटर हा वेगळा विषय. त्याचे मास्तर येतील तेव्हा ते शिकवतील."

ते मास्तर काही आले नाहीत.

शाळेतल्या मंजुळावर दिगंबररावांचा फार जीव. पोर तल्लख होती. तिचे आईबाप दरवर्षी वीटभट्टीवर जात. बापाने सांगून ठेवलं होतं, "शहरातल्या मुलींच्या वसतिशाळेत नंबर लागला तर शीक, नाहीतर औंदा आमच्यासंगं चल." मग शाळा सुटल्यावर मास्तर तिला स्वतः शिकवू लागले. तिथली प्रवेशपरीक्षा कॉम्प्युटरवर असते, हे त्यांना ठाऊक होतं. पण प्रश्न तर पुस्तकातलेच ना, असं म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

परीक्षेला तेच तिला घेऊन गेले. वेळ संपल्यावर मंजुळा सगळ्यांच्या मागून बाहेर आली.

"अवघड होता का गं पेपर?"

"नाही सर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर येत होतं."

"मग?"

"तिथल्या बाईंनी माऊस कसा धरायचा ते एकदा दाखवलं. मी धरला तर पडद्यावरचं सगळंच हललं. मला वाटलं, माझ्या हातून बिघडला. मग मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले."

 शाळेतल्या त्या खोलीत इतकी वर्षं मास्तरांनी एकच धडा शिकवला होता, आणि पोरीने तो मनापासून पाठ केला होता.

मंजुळाचा नंबर लागला नाही. दिवाळी सरली आणि भट्टीचा ट्रक गावात आला. पोरीला मागे ठेवा म्हणून मास्तरांनी बापाला हात जोडले.

"तुमच्या शबुदाखातर इतकी शिकवली, मास्तर," बाप खाली बघत म्हणाला. "आता तिला एकटी कुणाच्या भरवशावर ठेवू?"

मंजुळाला घेऊन ट्रक गेला. मास्तर तडक शाळेत आले आणि त्यांनी किल्ली कुंदाबाईंच्या हातात दिली. त्या दिवशी गणिताचा तास कॉम्प्युटरच्या खोलीत भरला. आलेखाची रेघ पडद्यावर उमटली तशी मुलांनी एकच गलका केला. मास्तर दाराशी उभे होते. एरवी त्यांनी दटावलं असतं. आज त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि ते मुकाट्याने बाहेर पडले.

तात्पर्य: जे साधन रोजच्या धड्यात मुलांच्या हाती येत नाही, ते ऐन वेळी परकंच राहतं; आणि मोठ्यांच्या अशा चुकीची शिक्षा लहानांना भोगावी लागते.