खारीची चारोळी आणि हत्तीचा शब्द

मुलांनो, बासुंदीवरची चारोळी तुम्ही मिटक्या मारत खाता. पण तिचं टणक कवच फोडताना दातांचं काय होतं, ते नदीकाठच्या रानातल्या एका खारीलाच ठाऊक. शिवाय दिवसभर कवचं फोडत बसलं, तर पोटासाठी दाणा शोधायला जाणार कोण? गेल्या वर्षी तिने मोराला उधारीवर चारोळी दिली. तो 'उद्या बघू, परवा बघू' करत राहिला आणि भर पावसाळ्यात तिची पिल्लं उपाशी निजली. तेव्हापासून खारीने उधारीचा धसकाच घेतला होता.

यंदा नदीपलीकडच्या एका वानराने टोपलीभर चारोळी मागितली. बदल्यात मक्याची रास देणार होता. खार म्हणाली, "आधी मका." वानर म्हणाला, "आधी चारोळी." झालं, गाडं तिथेच अडलं! शेवटी वानर हत्तीकडे गेला. दोन्ही काठांवर हत्तीच्या शब्दाला मान होता. तो खारीकडे आला आणि म्हणाला, "सोललेली, न किडलेली चारोळी, टोपली काठोकाठ. ती नदीपार नेणाऱ्या कासवाच्या पाठीवर चढलेली पाहिली, की मका मी देईन."

"आणि वानराने तुम्हाला दिलाच नाही तर?"

"ती डोकेदुखी माझी."

खार तडक घुशीकडे उसने दाणे मागायला गेली. घुशीचं बीळ धान्याने भरलेलं, पण हात भारी आखडता. "नुसता वानराचा शब्द असता तर दारात उभं केलं नसतं तुला," घूस म्हणाली. "हत्तीचा आहे, म्हणून देते. मका मिळाला की माझे दाणे परत कर, वर ओंजळभर जास्त." पिल्लांच्या पोटाची सोय झाली आणि खार निश्चिंत मनाने कामाला लागली.

ठरलेल्या दिवशी तिने टोपलीवर हौसेने करवंदं पसरली. हत्तीने सोंडेने ती बाजूला सारली. खाली टोपली दोन बोटं रिकामी!

"करवंदं ठरली नव्हती," हत्ती म्हणाला.

"अहो, प्रेमाने घातलीत."

"प्रेम वेगळ्या टोपलीतून पाठव, बाई. ठरल्यासारखं नसेल, तर मला मका देता येणार नाही."

खारीने करवंदं काढून घेतली. ती धावत घरी गेली, उरलेली चारोळी फोडून आणली आणि टोपली काठोकाठ भरली. तोवर कासव कुरकुरत थांबलं होतं. टोपली पाठीवर घेऊन ते पाण्यात शिरलं मात्र, हत्तीने मक्याची रास खारीपुढे ओतली. तिने घुशीचं देणं तिथल्या तिथे चुकतं केलं.

दुपारी पलीकडच्या काठावर वानर हत्तीला म्हणत होता, "मक्याचं जरा पुढच्या महिन्यात बघू या का?" ते काय करायचं, ते हत्ती बघून घेईल. अलीकडे पिल्लं मक्यावर ताव मारत होती आणि खार खुशीत पुढच्या टोपलीची चारोळी फोडत होती.

तात्पर्य : भरवशाचा कुणी मध्ये उभा राहिला, तर कष्टकऱ्याला मोबदल्याची वाट पाहत उपाशी राहावं लागत नाही, मात्र जे ठरलं, ते ठरल्यासारखंच द्यावं.